चौरंगावरची कुंदा

कुंदा टेंभुर्णेचं नाव निघालं की आमच्या ऑफिसातली माणसं एकदम गोड होतात. "क्या बाई थी!" म्हणतात, माना डोलावतात आणि हातातलं काम तसंच टाकून तिच्या गोष्टी सांगत बसतात. मला ते ऐकवत नाही. अरे, होती बाई, पण देवी नव्हती ना! पेन मागायची आणि परत द्यायची नाही. बिस्कीट नेहमी दुसऱ्याच्या चहात बुडवायची, आणि ते अर्धं तुटून त्याच्या कपात पडलं की वर हसायची. गुणगुणायची तर इतकं बेसूर की बाहेरच्या कबुतरांनीही जागा बदलावी. पण हे कोणी सांगत नाही. मलाच सांगावं लागतं, आणि मी सांगितलं की लोक एकमेकांकडे बघतात. विजया दीदी, म्हणजे मी, कुंदाला पाण्यात पाहायची, हे त्यांना माहीत आहे ना. पाहायचीच. लपवून काय करू?

आमचं ऑफिस रायपूरला, चौबे कॉलोनीत, दुसऱ्या मजल्यावर. घरांचे, दुकानांचे नकाशे काढून द्यायचे, हे काम. मालक तिवारी सर. उंच, हौशी, मनाने चांगले आणि तोंडाने फाटके. नकाशावाल्यांचे हेड सोनी साहेब त्या वर्षी दिवाळीला रिटायर होणार होते. त्यांच्यानंतर हेड कोण, हे मला विचाराल तर ठरलेलंच होतं. सगळ्यांत जुनी मी. नवी माणसं आली ती माझ्याजवळ बसून शिकली. कोणाचं काही अडलं की "दीदी, जरा देखिए ना" म्हणत माझ्या टेबलापाशी यायचे. सोनी साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये कुंडी कुठे ठेवायची, हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं होतं. ती केबिन मला हवी होती. फार हवी होती.

आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात कुंदाची पाठ गेली.

तोवर कुंदा माझ्याच मागच्या टेबलावर बसणारी, बुटकी, गोलमटोल, काम बरं करणारी एक पोट्टी होती. पोट्टी म्हणजे माझ्यापेक्षा लहान म्हणून म्हणते, तिची पोरगी कॉलेजात होती. नवरा रेल्वेत. एक दिवस ती खुर्चीतून उठायला गेली ती अर्धवट वाकलेलीच राहिली. मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी सांगितलं, बसून काम करायचं असेल तर नोकरी सोडा. उभं राहून करता आलं तर करा.

पाठ माझीही दुखते. पण मी डॉक्टरचा कागद कधी आणला नाही. मुकाट्याने उशी लावून बसले. कुंदाने कागद आणला, आणि तिवारी सरांनी तिच्यासाठी उभ्याने काम करायचं टेबल मागवलं. लोखंडी पायांचं, मोटर लावलेलं; बटण दाबलं की वर, दुसरं दाबलं की खाली. आयतं! मी इतकी वर्षं त्याच डुगडुगत्या टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी सारत होते, ते कोणाला दिसलं नाही.

टेबल आलं त्या दिवशी अर्थातच पूजा झाली. आमच्याकडे पंखा नवा आला तरी नारळ फुटतो, हे तर मोटरचं टेबल. यास्मिनने, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलीने, झेंडूचा हार बांधला. कुंदाने बटणाला हळद-कुंकू लावलं. मग सरांनी टेबल कसं चालतं ते सगळ्यांना दाखवायला बटण दाबून धरलं आणि ते वर, वर, त्यांच्या स्वतःच्या कोपरापर्यंत नेलं. "देखिए, मक्खन!" म्हणाले. तेवढ्यात नारळ फोडला आणि त्याचं पाणी टेबलाच्या चारी कोपऱ्यांना शिंपडायला गेले. हौशी माणसाचा हात मोकळा. पाणी भसकन बटणाच्या डबीत गेलं. आधी चर्र आवाज आला, मग जळका वास.

टेबल जे वर राहिलं ते राहिलंच. कंपनीचा माणूस आला, डबी उघडली, वास घेतला, पुन्हा बंद केली. विचारलं, "इसमें पानी किसने डाला?" सगळ्यांनी छताकडे पाहिलं. तो म्हणाला, हे गॅरंटीत बसत नाही, नवी डबी बाहेरून येईल. ती काही आली नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. टेबल वर, तिवारी सरांच्या मापाचं, आणि त्याच्यासमोर कुंदा, जिची हनुवटी जेमतेम त्याच्या वर येत होती.

खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी शिरा खावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी कुंदा रिक्षातून चौरंग घेऊन आली. गोल बाजारातून आणलेला, चांगला रुंद, सागवानी. टेबलासमोर ठेवला, चपला काढल्या आणि वर चढून उभी राहिली. हात बरोबर टेबलावर आले.

मी म्हटलं, "अगं, चौरंगावर देव बसवतात."

"बसवतात ना ताई," ती म्हणाली, "मी कुठं बसून राहिली?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले, पण माझं हसू जरा उशिरा आलं.

पहिले दिवस तिचे वाईट गेले, हे मी पाहिलं आहे. दुपारनंतर तिच्या पोटऱ्यांचे गोळे व्हायचे. टेबलाची कड धरून ती डोळे मिटून घ्यायची. मला वाटलं, आठवडाभरात जाईल घरी. पण ती बया हळूहळू उभं राहणं शिकली. चौरंगावर जुन्या गोधडीची घडी घातली. त्यावरच कडेला एक वीट ठेवली, तिच्यावर कधी हा पाय, कधी तो. बगळ्यासारखी. जेवणाच्या सुट्टीत डबासुद्धा टेबलावर ठेवून उभ्यानेच खायची आणि म्हणायची, "आपलं तं रोजच लग्न आहे बापा, बफे!" डबा संपला की स्टोअररूममध्ये जायची, जमिनीवर चटई टाकून उताणी पडायची आणि पाय भिंतीला उभे लावायची. जुना नकाशा शोधायला जो कोणी आत जाईल त्याच्याशी तसंच, खालून वर बोलायची. लोक नकाशा विसरून तिथेच मांडी घालून बसायचे.

तिवारी सरांनी विचारलं, "कुंदाजी, आदत हुई?" की तिचं उत्तर ठरलेलं, "हव सर, होते होते." छत्तीसगढी हव, म्हणजे हो, आणि मराठी होते, एका दमात. कोणी रडत आलं, लग्न मोडलं, पोरगं नापास झालं, तरी हेच. हव, होते होते. मला हे ऐकून तिडीक यायची. काय होते? आपोआप काही होत नसतं. करावं लागतं, तेव्हा होतं.

आता खरं दुखणं सांगते. बसल्या माणसाला काही विचारायचं तर विचारणाऱ्याला वाकावं लागतं, नाहीतर खुर्ची ओढावी लागते. उभ्या माणसापाशी नुसतं जाऊन कोपर टेकवायचं. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. कुंदाचं टेबल म्हणजे पानठेला झाला. येणाराजाणारा तिथे थबकायचा. त्यात ती चौरंगावर, त्यामुळे सगळ्या पार्टिशनांच्या वरून तिचं डोकं दिसायचं, आणि तिलाही सगळं दिसायचं. कोण जांभया देतंय, कोणाचा चेहरा पडलाय. तिथूनच हाक मारायची, "यास्मिन, काहून गं, तब्येत बरी नाही का?" यास्मिनला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत. "नहीं दीदी, बस नींद नहीं हुई." मग यास्मिन तिथे जायची, आणि जाताना आपला अडलेला नकाशाही घेऊन जायची. जी यास्मिन तोवर माझ्याकडे यायची.

मी बसल्या जागी मागे वळून पाहायची. मला दिसायची फक्त पाठमोरी माणसं आणि त्यांच्यामध्ये कुंदाच्या पायाखालची वीट.

एकदा अभनपूरहून एक कुटुंब आलं. म्हातारे बाबा, त्यांची दोन मुलं, थोरली सून. जुनं घर पाडून नवं बांधायचं होतं. सरांनी काम कुंदाकडे दिलं. यास्मिनने खुर्च्या मांडल्या. बाबांनी खुर्चीकडे पाहिलं, चौरंगावर उभ्या कुंदाकडे पाहिलं आणि हात जोडले. "मैडम खड़े हे, त हमन कइसे बइठबो?" बाई उभी असताना आपण बसायचं हे त्यांच्या रीतीत नव्हतं. कुंदा म्हणाली, बसा बाबा, माझी पाठ दुखते म्हणून मी उभी. तरी नाही. मग कुंदा खाली उतरली. चौरंगावरची गोधडी झटकली आणि बाबांना म्हणाली, तुम्ही यावर बसा. त्यांना चौरंगावर बसवलं, आपण शेजारी जमिनीवर गुडघ्यांवर उभी राहिली आणि खडूने फरशीवरच घर काढायला लागली. मुलं उकिडवी बसली, सून पुढे सरकली. हे दार, हे अंगण, इथे कोठी. सून एकदम बोलली, "रंधनी इहां नहीं, धुआं दाई के खोली म जाही." चूल इथे नको, धूर सासूबाईंच्या खोलीत जाईल. सासऱ्यासमोर ती बाई बोलली! बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हव, ठीक कहत हे." घर एका बैठकीत ठरलं.

माझ्याकडे त्याच दिवशी शंकरनगरचे एक साहेब खुर्चीवर बसून, चहा पिऊन, तिसऱ्यांदा जिन्याची जागा बदलून गेले.

त्यानंतर अभनपूरची माणसं आली की "वो खड़े वाली मैडम" विचारायची. मला कोणी बसलेली मॅडम म्हणून विचारलं नाही.

शेवटी माझ्याच्याने राहवेना. मी फायलींचं कपाट आडवं करवलं, त्यावर माझा कंप्युटर ठेवला आणि उभी राहिले. कुंदा पाय बदलते, मध्येच पाणी भरायला जाते, आडवी होते. मी नाही. सकाळी उभी राहिले की संध्याकाळपर्यंत उभी, दोन्ही पायांवर, ताठ. तिवारी सर दोनदा माझ्यासमोरून गेले आणि म्हणाले, "वाह विजयाजी!" मला वाटलं, जमलं. माझ्या टेबलाशी मात्र कोणी कोपर टेकवलं नाही. माझा चेहराच तसा असेल. दिवस सरता सरता माझी पावलं चपलेत मावेनात. घरी पोचले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "काहून, कोणासोबत पैज लावली का तू?" मी त्याच्याशी जेवेपर्यंत बोलले नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी कुंदा चौरंगावरून उतरून माझ्यापाशी आली. हळूच म्हणाली, "ताई, असं ताठ नोका राहू. एक पाय मोकळा ठेवत जा. माहे बी पाय असेच सुजत होते."

"मला कोणी शिकवायची गरज नाही," मी म्हटलं.

"हव," ती म्हणाली आणि आपली वीट माझ्या कपाटाशी ठेवून गेली. स्वतःची वीट! मी ती दिवसभर पायाने बाजूला सारून ठेवली. तिचं माझ्याशी भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण भांडायला ती हाती लागेल तर ना! दुसऱ्या दिवशी मी कपाट पुन्हा उभं केलं आणि खुर्चीत बसले. ऑफिसात कोणी एक शब्द काढला नाही. हे कुंदाने बजावलं असणार, असं मला तेव्हाही वाटलं, आणि त्याचाही राग आला.

दिवाळी जवळ आली तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. तिवारी सर कुंदाच्या टेबलाशी उभे राहिले की मी टायपिंग थांबवून कान द्यायची. एकदा त्यांनी तिला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. काचेतून दिसत होतं, सर बोलतायत, कुंदा भिंतीला टेकून उभी, मान हलवतेय. संपलं, मी मनात म्हटलं. घरी जाऊन भाजी करपवली. आणि दोन दिवसांनी सरांनी मलाच बोलावलं. "विजयाजी, सोनी साहब की जगह अब आप." मला इतका आनंद झाला की मी थॅंक्यू म्हणायचं विसरले. बाहेर आले तर सगळ्यांत आधी कुंदाने टाळ्या वाजवल्या, वरून, चौरंगावरून. मी तिच्याकडे बघून हसले. तुला नाही मिळाली, मला मिळाली, असं ते हसू होतं. तिला कळलं असेल का, कोणास ठाऊक.

मला केबिन मिळाली. कुंडी ठेवली. आणि काचेतून मी काय पाहायची? कुंदाच्या टेबलाभोवतीची माणसं. हेडकडे लोक सही घ्यायला यायचे. बोलायला तिच्याकडेच जायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कुंदाच्या नवऱ्याची बदली झाली, नागपूरला. तिने नोकरी सोडली. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. निरोपाला समोसे, पेढे, हार. सगळे तिच्या मापाने उभेच होते, कारण ती बसत नाही तर आपण कसं बसायचं. अभनपूरच्या बाबांची रीत आता आमच्यातही आली होती. तिवारी सर बोलायला लागले. बोलता बोलता त्या माणसाच्या तोंडाला धरबंद राहिला नाही.

"अब क्या बताऊँ," ते म्हणाले, "सोनी साहब की जगह तो मैंने पहले कुंदाजी से ही..."

माझ्या हातातला समोसा हातातच राहिला. सगळं ऑफिस माझ्याकडे वळणार, हे मला कळलं. म्हणजे तिने नको म्हटलेलं ताट माझ्यापुढे आलं होतं. हेडला गाडीत बसून साईटवर फिरावं लागतं, नव्या रायपूरपर्यंत रोज. तिच्या पाठीला ते झेपलं नसतं. म्हणून मी. एका क्षणात सगळं समजलं.

"हां सर," कुंदा मध्येच बोलली, मोठ्याने, हसत. "पहले मुझसे ही पूछा था आपने, कि विजया दीदी को हेड बनाएँ तो कैसा रहेगा. मैंने कहा, पूछते काहे को हो, देर किस बात की?"

सर तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. "हां... हां, वही तो," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यास्मिनने मला पेढा भरवला. सरांचा चेहरा मी पाहिला होता, त्यामुळे खरं काय ते मला माहीत होतं. त्यांना माहीत होतं, तिला माहीत होतं. बाकी कोणाला नाही. माझी केबिन, माझी इज्जत, माझी सगळी वर्षं तिने एका वाक्यात माझ्या पदरात परत टाकली आणि वर स्वतः पेढा खात उभी राहिली. तेव्हा तिचा जितका हेवा वाटला तितका कधीच वाटला नव्हता. केबिन गेली चुलीत. हे असं, पटकन, समोरच्याला झाकून घेणं, हे माणूस कुठून आणतं? मला का नाही जमत?

मी तिच्याजवळ गेले. काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "माझं पेन तुझ्याकडे आहे."

"हव ना ताई," ती म्हणाली. पर्समध्ये हात घातला, एकाच्या जागी मूठभर पेनं काढली आणि सगळीच माझ्या हातात दिली. मग माझ्या गालाला हात लावला. "येजा नागपूरले."

आम्ही सगळे खाली गेलो. ई-रिक्षा उभी होती. बसणं तिला जमायचं नाही, म्हणून ती सीटवर उलटी, गुडघे टेकून उभी राहिली, लहान पोरं राहतात तशी, मागच्या दांड्याला धरून, तोंड आमच्याकडे. हार गळ्यात तसाच. रिक्षा निघाली. ती हात हलवत होती, आणि गल्लीच्या वळणापर्यंत तिने तोंड फिरवलं नाही. आम्ही सगळ्यांनी हात वर केले होते. मीही केला होता.

रिक्षा दिसेनाशी झाल्यावर मी यास्मिनला म्हटलं, "शेवटी ती माझ्याकडे बघत होती."

यास्मिन डोळे पुसत म्हणाली, "नहीं दीदी, मेरी तरफ़ देख रही थीं."

"काहीच्या काही बोलू नको. मी समोर उभी होते."

"मैं आपके बगल में ही थी. मुझे ही देख रही थीं."

तिवारी सर मागून म्हणाले, "अरे, मेरी तरफ़..." आम्ही दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प बसले. यास्मिनशी मी त्यावरून दोन दिवस बोलले नाही. अजूनही तो विषय निघाला की आवाज चढतात. ती माझ्याकडेच बघत होती.